वुनितिरीने नेलेली रोपे

शनिवार, १२ नोव्हेंबर २०२२. सकाळी सव्वासहा वाजता लेमेकीने मांडवातली रोपे मोजली, तेव्हा ती तीनशे बारा भरली. आठ वाजता त्याच मांडवात एकही रोप नव्हते. मधल्या वेळात चोरी झाली नव्हती, डुकरे शिरली नव्हती, वादळही आले नव्हते. पाहुणे परत निघाले होते, एवढेच.

पाहुणे समुद्रकाठच्या वुनितिरी गावचे. डोंगरातले देलाइदाकुआ आणि खारफुटीतले वुनितिरी ही दोन्ही गावे एकमेकांची ताउवू. दोघांचे मूळ दैवत एकच असल्याने त्यांच्यात आपपरभाव चालत नाही. एका गावच्या माणसाने दुसऱ्या गावातली वस्तू उचलली तर ती ‘नेली’ म्हणायची, ‘चोरली’ म्हणायची नाही. आणि ज्याची नेली त्याने हसायचे. त्याच्या कपाळाला आठी पडली, तर ती आठी त्याच्या नातवंडांनासुद्धा ऐकून घ्यावी लागते.

रोपे दाकुआची होती. देलाइदाकुआ म्हणजे दाकुआचा माथा. पण गावामागच्या ज्या डोंगरधारेला सगळे नुसते ‘माथा’ म्हणतात, तिच्यावरून लेमेकीच्या जन्मापूर्वीच करवती फिरून गेल्या होत्या. आता तिथे माणसाच्या डोक्यावरून जाईल असे बोरूसारखे गवत तेवढे डुलत असे. वुनितिरीच्या लोकांना थट्टेसाठी हा विषय आयताच मिळाला होता. देलाइदाकुआचा कोणी बाजारात भेटला, की ते आवर्जून विचारत, “काय रे, गवताच्या माथ्यावर सगळे खुशाल ना?”

दाकुआ हा जातीने सूचिपर्णी, पण पाने मात्र सुईसारखी नव्हेत. जाड, चामड्यासारखी, बोटभर लांब. त्याचे फळ झाडावरच उकलते आणि एकेक पंख लावलेले बी वाऱ्याबरोबर निघून जाते. घळीत, जिथे करवतीला वाट सापडली नाही, तिथे तीन जुने वृक्ष उरले होते. त्यांच्या पायाशी दरसाल कोंब उगवत आणि काळोखात, वेलींच्या गर्दीत मरून जात. तांत्रिक शाळेत शिकून रस्त्यावरच्या पुलांच्या दुरुस्तीत आयुष्य घालवलेला लेमेकी निवृत्त होऊन गावी परतला, तेव्हा त्याने ते कोंब मातीसकट उचलून आणायला सुरुवात केली. घरामागे त्याने माडाच्या झावळ्यांचा मांडव घातला. दर पावसाळ्यानंतर तो छपरातली काही पाने काढून घेई, म्हणजे रोपांना ऊन थोडे थोडे करून सोसायला मिळे. अशी चार वर्षे गेली. रोपे कमरेएवढी झाली, खोडांना पेन्सिलीएवढी जाडी आली.

आता घाई होती; या दक्षिणेकडच्या बेटावर पावसाळा नोव्हेंबरात लागतो आणि एप्रिलात सरतो. एका कंपनीने माथा परदेशी पाइन लावण्यासाठी लांब मुदतीच्या कराराने मागितला होता. गावातले निम्मे तरुण, लेमेकीचा मुलगा सेरू याच्यासकट, ऑस्ट्रेलियात फळे तोडायला गेलेले. माथा नुसता पडून होता. कुळातल्या बहुतेकांना करार पसंत होता. लेमेकी एकटाच आडवा आला. यांगोनाच्या, म्हणजे मुळे कुटून केलेल्या पेयाच्या, वाटीभोवती बसलेल्या सभेत कुळप्रमुख नेमानीने बराच वेळ सगळ्यांचे ऐकून घेतले आणि मग निकाल दिला.

“हा पावसाळा तुझा,” तो म्हणाला. “पाऊस सरला की आम्ही वर चढू. माथ्यावर दाकुआ उभा दिसला, तर करार परत पाठवू. नाही दिसला, तर सह्या होतील, आणि मग लेमेकी, तू तोंड उघडायचं नाहीस.”

लेमेकीने मान डोलावली. रोपांची त्याला खात्री होती, हातांची नव्हती. चढावर गवतातून पट्टे कापायचे, खड्डे खणायचे, आणि हे सगळे म्हाताऱ्यांनी आणि शाळकरी पोरांनी पावसात उरकायचे, हे गणित जमत नव्हते. पुलाचा भार मोजणाऱ्या माणसाला ते कळत होते. त्याने ते कोणाला सांगितले मात्र नाही.

त्यातच चर्चच्या नव्या छपराचा सोहळा आला आणि वुनितिरीचे सगळे गाव दोन लॉऱ्या भरून जेवायला आले. पोरांचा चेंडू आणि मोकाट डुकरे यांच्या भीतीने लेमेकीने मांडवाच्या खांबाला माडाची झावळी गाठ मारून बांधली. अशी झावळी दिसली की ती जागा निषिद्ध. तिथे कोणी हात लावायचा नाही. देलाइदाकुआच्या पोराबाळांनी ती खूण तंतोतंत पाळली. चूक इतकीच झाली, की ताउवू गाव मनाईची झावळी शोधतच येते. ती मोडायचा हक्क साऱ्या जगात त्यांचाच, आणि तो बजावण्यासारखी दुसरी मौज नाही. लेमेकीने मांडवाला कुलूप घातले नव्हते, जाहिरातीचा फलक लावला होता.

शनिवारी सकाळी वुनितिरीच्या बायका गाणे म्हणत मांडवात शिरल्या. पुरुषांनी हातोहात रोपे लॉऱ्यांत चढवली. कोणी एकाने चालीवर ‘गवताच्या माथ्याला झाडं कशाला’ अशी ओळ जोडली आणि ती सगळ्यांनी उचलली. पुढच्या आसनावर किनिसिमेरे बसली होती. सत्तरी उलटलेली, अंगाने भरदार. वुनितिरीत तिच्या शब्दापुढे कोणाचा शब्द जात नाही.

“झावळी बांधून ठेवलीस म्हणून सापडलं हो, ताऊ,” ताउवूंनी एकमेकांना मारायची हाक मारत ती खिडकीतून म्हणाली. “नाहीतर आम्ही कोंबड्यांवरच भागवणार होतो.”

लेमेकीची नजर लॉरीतल्या रोपांवरून हटेना. शेजारी उभी असलेली त्याची बायको तराइविनी ओठ न हलवता म्हणाली, “सेरूचे बाबा, दात दाखवा. सगळे बघताहेत.”

त्याने दात दाखवले. लॉऱ्या वळणाआड जाईपर्यंत टाळ्याही वाजवल्या. नंतर तो मांडवात जाऊन बसला. रोपांच्या पिशव्यांनी जमिनीवर उठवलेली ओली वर्तुळे अजून वाळली नव्हती.

दुसरा दिवस रविवार. रविवारी कोणी प्रवासाला निघत नाही, कोणी कुदळही उचलत नाही. पाद्रीबुवांचे प्रवचन लेमेकीच्या कानांवरून गेले. त्याला दिसत होता तो खारा वारा आणि त्याने पानांच्या कडेला पडणारी तांबूस किनार. जेवताना अळकुड्यांना हात न लावता त्याने बायकोला सांगितले, की उद्या पहिल्या गाडीने जाऊन मी रोपे परत मागणार.

“मागणार?” तराइविनीने पातेले खाली ठेवले. “मागितलंत की संपलं. ते म्हणतील, लेमेकी रडत आला होता. सेरूच्या पोरांना लग्नात त्याचं गाणं ऐकावं लागेल. तुम्हीपण ताउवू आहात ना? मग जा आणि न्या.”

“तेच म्हणतोय. रोपं घेऊन येतो.”

“स्वतःचंच उचलून आणलं, तर ते नेणं नव्हे. त्यांचं काहीतरी न्या. त्यांना चटका बसेल असं.”

“मला त्यांचं काय करायचंय? होडीचं इंजिन आणून माथ्यावर लावू?”

तराइविनीने पातेले उचलले आणि ती आत गेली. पण सोमवारी पहाटेच्या गाडीत ती बरोबर होती, आणि मांडीवर तिने भेटीची यांगोनाची मुळे नीट गुंडाळून धरली होती. वाटेत पावसाची जोरदार सर आली. लेमेकीने काचेवरचे पाणी पुसून आभाळ पाहिले. लावणीचा पाऊस सुरू झाला होता, आणि लावायचे सगळे समुद्रावर होते.

वुनितिरीत उतरल्यावर पहिली गोष्ट त्याला दिसली ती म्हणजे दाकुआ. रोपे घरोघर वाटली गेली होती. समुद्राच्या बांधावर थट्टेने ओळीत मांडलेल्या काही रोपांची पाने कडेने करपली होती. पण बाकीची? बाकीची नीरफणसाच्या मोठ्या पानांच्या झाडाखाली, छपरांच्या वळचणीला, सावली बघून ठेवलेली होती. पोरांनी भोवती शिंपले लावले होते. एका घरापुढे कोणी बाईने आपले नेसूचे वस्त्र ओले करून चार रोपांवर वाऱ्याच्या बाजूने आडोशाला बांधले होते. गावात गोड्या पाण्याचा एकच नळ, तोही करंगळीएवढ्या धारेचा. आणि पिशव्यांतली माती ओली होती. नेलेल्या वस्तूची इतकी काळजी घेणारी माणसे लेमेकीने पाहिली नव्हती. पुलावर बांधकामाचे सामान ज्यांच्या ताब्यात देत असत, त्यांनीही कधी घेतली नव्हती.

स्वागत रीतसर झाले. मुळे अर्पण केली, यांगोना फिरली, टाळ्या वाजल्या. मग किनिसिमेरेने आवाज लावला.

“तुझी झाडं कंटाळली होती बघ. म्हणाली, डोंगरात काय आहे, समुद्र तरी दाखवा. आता सांग, तू काय न्यायला आलास? इंजिन? डुक्कर? जाळं? तराइविनीला कंटाळला असशील तर बदलून देते.”

“बदलून घेतलं असतं,” तराइविनी म्हणाली, “पण तुमच्याकडचे पुरुष चढ चढत नाहीत म्हणे.”

सगळे ओसरीवर हसून कोसळले. लेमेकीही हसला आणि उठला. तो गावातून चालू लागला आणि लहानथोर सगळे मागे निघाले, कारण ताऊ काय उचलतो हे बघायला कोणाला नको असते? तो इंजिनापाशी थांबला, तेव्हा इंजिनाच्या मालकाने श्वास रोखला. तो पुढे गेला. जाळ्यांवरून त्याने हात फिरवला, डुकराच्या खुराड्यात डोकावला, पुढे गेला. गावच्या हिरवळीवर रग्बीचा संघ सराव करत होता. पंधरावीस जण, पोटऱ्या खांबांसारख्या, चिखलाने माखलेले. संघाचा कप्तान एमोसी हा किनिसिमेरेचाच नातू.

लेमेकी उभा राहिला. तराइविनीचे चढाविषयीचे वाक्य त्याच्या कानात अजून वाजत होते. मग तो सरळ हिरवळीत शिरला आणि एमोसीच्या खांद्यावर त्याने हात ठेवला.

“हा मी नेला,” तो म्हणाला.

पुढे होऊन त्याने दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. “हाही.” मग तिसऱ्याच्या. चौथ्यापर्यंत लोक हसत होते. पाचव्याला शांत झाले.

“थांब, थांब,” किनिसिमेरे काठी टेकत पुढे आली. “माणूस ही काय वस्तू आहे का? वस्तू न्यायच्या असतात.”

“वस्तू नाही, म्हणूनच मी यांना परत आणून सोडीन,” लेमेकी म्हणाला. “माझी रोपं तू परत आणून सोडणार होतीस का?”

म्हातारीने काठीने खूण करून वडीलधाऱ्यांना जवळ बोलावले. वुनितिरीच्या कोणाला असे दृश्य पाहिल्याचे आठवत नव्हते. वडीलधाऱ्यांनी बाजूला होऊन आपापसात विचारविनिमय केला. माणूस न्यायचा नाही असे जुन्यांपैकी कोणी सांगून ठेवल्याचे कोणालाच स्मरेना; आणि नाही म्हणावे, तर आठी कोणाच्या कपाळावर पडली, याचे उत्तर उद्या सगळा मुलूख देणार.

“नीघ रे,” किनिसिमेरे शेवटी नातवाला म्हणाली. “हा म्हातारा तुला घेऊन चाललाय.”

“आजी, शनिवारी सामना आहे.”

“मग शनिवारच्या आत खणून मोकळे व्हा.”

“आणि हे सगळे माझ्या गावात रिकाम्या हातांनी येणार का?” लेमेकीने अगदी साळसूदपणे विचारले. “तुम्हालाच बरं दिसणार नाही.”

हे कळायला लोकांना एक क्षण लागला. मग आधी तराइविनी हसली, मागून किनिसिमेरे, आणि मग सगळे वुनितिरी गुडघ्यांवर हात मारून हसू लागले. घराघरांतून रोपे बाहेर आली. लॉरीत संघ चढला, प्रत्येकाच्या मांडीवर, पायांत, काखेत दाकुआ. आणि पुढचे आसन किनिसिमेरेने कोणाला न विचारता पटकावले. “एवढे जेवणारे पाठवते आहे,” ती म्हणाली, “वाढताना हात आखडता घेतला तर बघायला कोणीतरी हवं.”

माथ्यावरचे काम जे झाले, त्याची आठवण देलाइदाकुआत अजून काढतात. समुद्रावरची माणसे चढावर चालताना पाहणे ही सुरुवातीला नुसती करमणूक होती. उतरताना ते बसूनच घसरत. पण होडीत तोल सांभाळणाऱ्या पायांना डोंगराचा तोल सापडायला वेळ लागला नाही. लेमेकीने त्यांना दाखवले, की गवत सगळे काढायचे नाही. उताराला आडवे अरुंद पट्टे कापायचे, दोन्ही बाजूंनी गवताच्या भिंती उभ्या ठेवायच्या आणि मध्ये रोप.

एमोसीने विचारले, की एवढे कोयते चालवतोच आहोत, तर सगळे साफ का नाही करायचे?

“तू लहान असताना तुला दिवसभर उन्हात बसवला होता का कुणी?” लेमेकी म्हणाला. “बाजूला आडोसा आणि डोक्यावर आभाळ. एवढंच याला लागतं. काही वर्षांनी डोकं वर काढेल, तेव्हा आडोसा आपोआप खाली राहील.”

पट्टे सरळ येत नव्हते, तेव्हा संघातल्या एका कोळ्याने मासेमारीची नायलॉनची दोरी आणि शिशाची वजने काढली. दोरी ताणली, वजन सोडले, आणि उतारावरची ओळ अशी साधली, की पुलांवर आयुष्य काढलेल्या लेमेकीने दोनदा डोळा लावून पाहिली आणि काही दुरुस्त केले नाही. प्रत्येक खड्ड्यात घळीतल्या जुन्या झाडाखालची मूठभर माती पडत होती; ती देलाइदाकुआच्या बायका टोपल्यांनी वर आणत. वुनितिरीच्या एकाने खतासाठी कुजलेले मासे आणले होते, तेवढे मात्र लेमेकीने परत पाठवले. त्या वासाने रात्रीतून रानडुकरांनी सगळा माथा नांगरला असता. वरून पाऊस कोसळत होता, खालून वाफाळणारी अळकुड्यांची पातेली चढत होती, आणि दोन्ही गावे एकमेकांच्या खड्ड्यांना नावे ठेवत खणत होती.

किनिसिमेरेला वर चढणे शक्य नव्हते. शेवटच्या दिवशी एमोसी आणि त्याच्या साथीदारांनी तिला खुर्चीसकट उचलले आणि आधी घळीत नेले. तिथे तीन जुन्यांपैकी सगळ्यात मोठ्या दाकुआपाशी त्यांनी खुर्ची ठेवली. सहा जणांनी हात धरले तरी कवेत न मावणारे खोड, पहिली फांदी ढगांत, आणि अंगावर एकही वेल नाही. कारण याची साल खपल्याखपल्यांनी गळत राहते, वेलीला पाय रोवायला जागा मिळत नाही. म्हातारी मान मागे टाकून बराच वेळ वर बघत राहिली. मग तिने सालीवरून ओघळून थिजलेल्या राळेला बोट लावले आणि ते नाकाशी नेले.

“आमच्याकडे मडक्यांना याचाच लेप देत,” ती म्हणाली. “माझी आई द्यायची. झाड मी आज बघते आहे.”

 मग तिने लेमेकीकडे वळून सांगितले, की चार वर्षे तू ही पोरं सांभाळलीस आणि आम्ही ती गाणी म्हणत नेली. त्यात आमचे चुकले असे मी म्हणणार नाही, कारण ती रीत आहे. पण गवताच्या माथ्याचे गाणे वुनितिरीत आता कोणी म्हणायचे नाही. आपल्या हातांनी लावलेल्या झाडांची टर कोण उडवील? मग खुर्ची माथ्यावर चढली, आणि शेवटची ओळ तिने बसल्या बसल्या स्वतः लावली.

शनिवारचा सामना संघ मोठ्या फरकाने हरला. त्याचा दोष ते अजून माथ्यावर टाकतात.

पाऊस त्या वर्षी दांडगा झाला. एका जागी उताराची माती सुटून रोपांची एक ओळ घळीत गेली. बांधावर करपलेल्यांपैकी काही सावरलीच नाहीत. लेमेकी आणि गावातली म्हातारी मंडळी आळीपाळीने वर जाऊन वेली सोडवत, वाकलेले गवत बाजूला सारत. आठवड्याच्या बाजाराला वुनितिरीचे कोणी आले, की माशांच्या आधी रोपांची चौकशी करी: एमोसीचे कसे आहे, संघातल्या त्या बुटक्याने लावलेले जगले का, आजीबाईंच्या ओळीला नवी पाने आली का.

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी नेमानी कुळातल्या सगळ्यांना घेऊन माथ्यावर चढला. कराराचे कागद त्याच्या पिशवीत होते. आडव्या पट्ट्यांतून तो एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेला. गवताच्या भिंतींमध्ये दाकुआ उभे होते. काहींच्या शेंड्यांवर कोवळी, तांबूस झाक असलेली पालवी होती. एका रोपाशी वाकून त्याने पान बोटांत धरले, सोडले, आणि सरळ उभा राहिला.

करार हवा असणाऱ्यांपैकी एकाने पुढे होऊन म्हटले, की रोपे आहेत खरी, पण एवढ्याशा काड्यांसाठी सगळा माथा अडवून ठेवायचा का? पाइन लवकर वाढतो, पैसा लवकर येतो.

“मी म्हटलं होतं, उभा दिसला तर,” नेमानी म्हणाला. “उभा आहे. किती उंच, ते मी बोललो नव्हतो.” मग त्याने उताराखाली, जिथून समुद्राची पातळ रेघ दिसते, तिकडे बोट केले. “आणि दुसरं सांगतो. यातलं एकेक ताउवूंच्या हातचं आहे. उद्या आपण हे उपटून तिथे पाइन लावला, तर ती माणसं काय गातील, त्याची कल्पना करा. तुमच्यापैकी कोणाला ते गाणं ऐकायचंय?”

कोणालाच ऐकायचे नव्हते. कराराचे कागद सह्यांविना परत गेले.

ते सगळे उतरून गेल्यावर लेमेकी आणि तराइविनी मागे थांबले. तो एका बाजूने, ती दुसऱ्या बाजूने, असे पट्ट्यापट्ट्याने ते मोजत मध्यावर आले आणि दोघांचे आकडे त्यांनी एकत्र केले. लावलेल्या तीनशे बारा रोपांपैकी जिवंत होती दोनशे एकोणऐंशी.